टॉपची जाळी ओढली कोणी?

मागच्या अंकात फ्लॅश या कॉमिकमधल्या सुपरहिरोच्या दुश्मनांवर लिहिताना मी अर्ध्या ओळीत 'आणि भोवऱ्यासारखा गरगर फिरणारा टॉप नावाचा एक येडा पण होता' असं लिहून पुढे गेले, आणि झालं! ज्या कॅप्टन कोल्डवर मी दोन पानं खर्च केली त्याच्याबद्दल आलेली पत्रं दोन, आणि त्या येड्याबद्दल आलेली पत्रं माझ्या टेबलावर मावत नाहीयेत. भोवरा म्हटलं की आपल्याकडे प्रत्येकाला काहीतरी आठवतं बहुतेक. तर हा महिना टॉपचा. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, जी घेतलीत ती थोडी कापलीत, राग नसावा.

ताई, माझा सातवीतला मुलगा दोन दिवस मागे लागलाय की टॉप म्हणजे नक्की कोण. भोवरा हे काय व्हिलनचं हत्यार असतं का? तुम्ही अर्ध्या ओळीत सोडून दिलंत आणि इथे मला उत्तर देता येईना.
– एक आई, नाशिक

सॉरी हो ताई, चूक माझीच. तर त्याचं खरं नाव रॉस्को डिलन, आणि तो पहिल्यांदा आला ऑगस्ट १९६१ मध्ये, 'द फ्लॅश' या डीसी नावाच्या अमेरिकन कंपनीच्या कॉमिकच्या १२२व्या अंकात. गोष्ट लिहिली जॉन ब्रूमने आणि चित्रं कार्माईन इन्फँटिनोची. रॉस्को हा आधी साधा भुरटा चोर, पण लहानपणापासून त्याला भोवऱ्यांचं वेड, आणि एक दिवस त्याच्या डोक्यात आलं की हेच वेड धंद्यात का वापरू नये. म्हणून त्याने भोवऱ्यांची हत्यारं बनवली आणि तेवढ्यावर न थांबता स्वतःच भोवऱ्यासारखं फिरायला शिकला. कपडे हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचे. जत्रेत मिळणाऱ्या लाकडी भोवऱ्यावर कसे रंगाचे पट्टे असतात, तसाच दिसतो अगदी.

असला व्हिलन कोणाला का सुचावा, तर त्याला कारण आहे. फ्लॅशचा एडिटर होता ज्युलियस श्वार्ट्झ, आणि हा माणूस कॉमिक्समध्ये यायच्या आधी सायन्स फिक्शन लेखकांचा एजंट होता, रे ब्रॅडबरीच्या सुरुवातीच्या कथा यानेच विकल्या. ब्रूम पण सायन्स फिक्शन लिहिणाराच. त्यामुळे फ्लॅशच्या अंकात 'फ्लॅश फॅक्ट्स' म्हणून विज्ञानाच्या गमतीजमतींचं पान असायचं आणि व्हिलन पण असे की जणू फिजिक्सच्या पुस्तकातला एकेक धडा उचललाय. १९५७ मध्ये कॅप्टन कोल्ड आला, म्हणजे उष्णता. १९५९ मध्ये मिरर मास्टर, म्हणजे प्रकाश. त्याच वर्षी पाईड पायपर, म्हणजे ध्वनी. आणि १९६१ चा टॉप म्हणजे रोटेशनल डायनॅमिक्स, फिरणाऱ्या वस्तूंचं गणित, जो आपल्या स्टेट बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकातला पहिलाच धडा आहे आणि जो शिकवताना दर जूनमध्ये अर्धा वर्ग माझ्याकडे 'मॅडम, मेडिकलला जाणार आहोत हो आम्ही' अशा नजरेने बघतो.

या सगळ्या टोळीला इंग्रजीत रोग्ज, म्हणजे बदमाश, म्हणतात. मराठीत लिहिलं की आपोआप रोगच होतात, ते बरंच आहे.

मी सत्तरीतला वाचक आहे. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स जिवापाड जपली, वेताळ, मँड्रेक आणि फ्लॅश. पण त्या फ्लॅशच्या गोष्टीत हा टॉप कुठे आठवत नाही. माझी स्मरणशक्ती गेली की तुमची?
– एक जुना वाचक, मिरज

काका, तुमची शाबूत आहे आणि माझीही, फ्लॅश दोन आहेत! इंद्रजालमध्ये यायचा तो फ्लॅश गॉर्डन, अलेक्स रेमंडने १९३४ मध्ये सुरू केलेला, रॉकेटमधून मोंगो नावाच्या ग्रहावर जाऊन मिंग नावाच्या सम्राटाशी भांडणारा. त्याचं फ्लॅश हे नुसतं नाव आहे, तो पळत वगैरे नाही, म्हणजे पळतो पण आपल्यासारखाच. टॉपशी भांडणारा फ्लॅश म्हणजे बॅरी ॲलन, १९५६ चा, दिवसा पोलिसांच्या लॅबमध्ये काम करणारा आणि लाल कपडे घातले की विजेच्या वेगाने धावणारा. इंद्रजालचे अंक अजून असतील तर वाळवीपासून सांभाळा, आमच्या घरचे आईने रद्दीत घातले आणि तो विषय मी अजून जेवणाच्या टेबलावर काढते.

मॅडम, इंजिनिअरिंग फर्स्ट इयरला आहे. मित्राचं म्हणणं की टॉप पुरेशा वेगाने फिरला तर गोळ्या त्याच्यावर आपटून बाजूला उडतील. मी म्हणतो शक्य नाही. पैज एका मिसळीची आहे. हिशोब करून द्याल का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

अरे हिशोब तूच करायला हवा होतास, फर्स्ट इयरला हाच चॅप्टर असतो. पण मिसळीचा प्रश्न आहे आणि तोही कोल्हापुरात, म्हणून करते.

आधी माणूस खरंच किती वेगाने फिरतो ते बघू. बर्फावरच्या स्केटिंगमध्ये एका जागी फिरण्याचा रेकॉर्ड आहे मिनिटाला ३४२ फेऱ्यांचा, २०१५ मध्ये वॉर्सात ऑलिव्हिया ऑलिव्हर नावाच्या मुलीने केलेला. म्हणजे सेकंदाला साधारण पावणेसहा फेऱ्या. ऐकायला भयंकर वाटतं पण तिचा खांदा मधल्या अक्षापासून २० सेंटीमीटरवर धरला तर खांद्याचा वेग येतो सेकंदाला सव्वासात मीटर, ताशी २६ किलोमीटर. संध्याकाळी स्टेशन रोडला रिक्षा चालते तेवढा. गोळी येते सेकंदाला साडेतीनशे मीटरने. एक फेरी पुरी व्हायच्या आत ती साठ मीटर पार करून गेलेली असते, म्हणजे गोळीच्या दृष्टीने ही बाई स्तब्ध उभी आहे.

आता म्हणशील टॉप कॉमिकमधला आहे, त्याला जास्त फिरू दे. ठीक. खांद्याचा वेग गोळीइतका करायचा तर त्याला मिनिटाला १६,७०० फेऱ्या मारायला लागतील. हा आकडा ओळखीचा वाटतोय का? घरातल्या मिक्सरच्या खाली बघ, मोटरवर १८,००० च्या आसपास लिहिलेलं असतं. म्हणजे टॉपने स्वतःला मिक्सरच्या भांड्यात घातलंय. त्या वेगाला त्याच्या खांद्यावर बाहेरच्या बाजूला जे ओढल्यासारखं होणार ते गुरुत्वाकर्षणाच्या ६२,००० पट. तुलना म्हणून सांगते, वॉशिंग मशीन मिनिटाला हजार फेऱ्यांनी कपडे पिळतं तेव्हा हा आकडा अडीचशेच्या जरा वर असतो आणि तेवढ्यात जीन्समधलं पाणी निघतं. ब्लड बँकेत रक्ताची पिशवी फिरवून लाल पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करतात, तिथे काही हजार पट पुरतं. तर गोळी लागायच्या फार आधी टॉपचं रक्त, स्नायू, हाडं सगळं आपापल्या घनतेप्रमाणे थर लावून बसलेलं असेल. आणि हे सगळं होऊनही गोळी जी आत शिरायची ती शिरणारच, कारण खांदा बाजूला सरकतोय म्हणून तो काही लोखंडाचा होत नाही.

पण मला याहून जास्त छळणारा प्रश्न वेगळाच आहे. भोवरा फिरतो का, तर आपण त्याला जाळी गुंडाळतो आणि हिसका देऊन ओढतो. ती दीड-दोन मीटरची दोरी उलगडेपर्यंत भोवऱ्याला पीळ मिळत राहतो, फिरण्याची सगळी पुंजी तिथून येते, भोवऱ्याच्या स्वतःच्या खिशात काही नसतं. आता टॉपची जाळी ओढली कोणी? त्याला फक्त पायाने जमिनीला रेटा द्यायचा आहे, आणि एकदा गती आली की तोच पाय आणि तीच जमीन घर्षणाने ब्रेक लावणार. बूट तरी जळतील नाहीतर फरशी तरी. स्केटिंगवाले म्हणूनच बर्फावर फिरतात, आणि आधी हात पसरून हळू फिरायला लागतात मग हात छातीशी घेतात की वेग आपोआप वाढतो. घरी करून बघायचं असेल तर ऑफिसची गोल फिरणारी खुर्ची घे, दोन्ही हातात लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, हात पसरून मित्राला गरकन फिरवायला सांग आणि मग बाटल्या छातीशी ओढ. आजूबाजूला काचेचं काही ठेवू नको. मी वर्गात हे दाखवताना एकदा डस्टरसकट पहिल्या बाकावर गेले होते.

तात्पर्य इतकंच की सेंट्रल सिटीत, म्हणजे फ्लॅशच्या शहरात, टॉपला मिनिटाला १६,७०० फेऱ्यांनी फिरवू शकेल असा माणूस एकच होता, फ्लॅश. आणि तो कशाला फिरवेल?

मिसळ तू जिंकलास. कट वेगळा मागव.

नमस्कार ताई. मी कथक शिकवते. तुमच्या त्या टॉपबद्दल माझ्या भाच्याने सांगितलं की तो फिरून फिरून हुशार झाला. माझ्या क्लासमधल्या मुली एका वेळी एकवीस-एकवीस चक्कर घेतात, त्या हुशार आहेतच पण चक्करांमुळे असं काही मला वाटलं नाही. यात काही तथ्य?
– कथक शिक्षिका, डोंबिवली

हे पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्हीदा हसले.

भाच्याने बरोबर सांगितलं, कॉमिकमध्ये तसंच दाखवलंय, फिरण्याने टॉपच्या मेंदूच्या पेशी बाहेरच्या बाजूला सरकल्या आणि त्याची बुद्धी वाढली, नंतर तर त्याला मनाच्या जोरावर वस्तू फिरवता यायला लागल्या. ताकातलं लोणी घुसळून वर येतं तशी अक्कल वर आली असा काहीसा हिशोब असावा. खरं म्हणजे तथ्य शून्य. पेशी अशा सरकल्या तर त्याला हुशारी नाही, मेंदूला इजा म्हणतात. वर म्हटलं त्या रेकॉर्डवाल्या मुलीच्या वेगाला डोक्याच्या कडेला बाहेरची ओढ गुरुत्वाकर्षणाच्या साधारण बारा पट होते, आणि ती थोडाच वेळ टिकते म्हणून ठीक असतं.

पण तुमच्या मुलींच्या डोक्यात चक्कर घेताना खरंच एक भारी गोष्ट चालू असते, आणि ती मेंदूच्या आधी कानात सुरू होते. प्रत्येक कानाच्या आतल्या भागात तीन अर्धगोल नळ्या असतात, एकमेकींना काटकोनात, आत पाणी भरलेलं. डोकं फिरायला लागलं की नळी फिरते पण पाणी मागे राहतं, बादली गरकन फिरवली तर आतलं पाणी लगेच फिरत नाही ना, तसं. त्या मागे राहिलेल्या पाण्याने नळीतला एक मऊ पडदा वाकतो आणि मेंदूला कळतं की आपण फिरतोय. एकाच वेगाने फिरत राहिलं तर वीसेक सेकंदात पाणी नळीच्या वेगाला येऊन मिळतं, पडदा सरळ होतो, आणि डोळे मिटलेले असतील तर आपण फिरतोय हेच कळत नाही! आणि मग थांबलं की नळी थांबते, पाणी चालूच, पडदा उलट्या बाजूला वाकतो आणि मेंदू म्हणतो आता उलटं फिरतोय. डोळे त्या खोट्या बातमीवर विश्वास ठेवून एका बाजूला सरकायला लागतात, खोली फिरते, आणि लहान मुलं खिदळत अंगणात पडतात.

तुम्ही मुलींना नजर समोर एका जागी धरायला शिकवत असाल, अंग वळलं तरी चेहरा शेवटपर्यंत समोर आणि मग डोकं झटक्यात फिरवून परत त्याच जागी. त्याने डोकं सलग फिरत नाही, तुकड्यातुकड्याने फिरतं, आणि कानातल्या पाण्याला एकसारखा वेग पकडायला मिळतच नाही, शिवाय डोळ्यांना धरायला एक खुंटी मिळते. स्केटिंगवाल्यांना त्या वेगात हे जमत नाही, त्यांचा मेंदू वर्षानुवर्षांच्या सरावाने कानाची ती बोंबाबोंब कानाआड करायला शिकतो. म्हणजे फिरून काहीतरी शिकलं जातं हे खरंय, फक्त ते बँक लुटायच्या कामाचं नाही.

कॉमिकवाल्यांना हे खूप उशिरा सुचलं. दोन हजारच्या दशकात टॉपला नवीन ताकद दिली ती म्हणजे समोरच्याला चक्कर आणायची, तोल घालवायचा. २०१६ मध्ये टीव्हीवरच्या 'द फ्लॅश'मध्ये टॉप बाई झाली, रोझा डिलन, मिरर मास्टरची मैत्रीण, ती तर स्वतः फिरतच नाही, समोरच्याकडे बघते आणि त्याला गरगरायला लागतं. मला विचाराल तर हाच टॉप खरा. फ्लॅशसारख्या माणसाला हरवायचं तर त्याच्याहून जोरात पळायची गरजच नाही, ताशी हजार किलोमीटरने धावणाऱ्याचा तोल दोन सेकंद घालवला की बास.

टॉप मेला कसा? मी शोधलं तर 'फ्लॅशची ॲलर्जी होऊन' असं काहीतरी निघालं. हे खरं आहे का? अशी कोणाला ॲलर्जी होते का?
– एडिसन, न्यू जर्सीहून एक मराठी वाचक

खरं आहे, आणि तुम्हाला हसू आलं असेल तर मलाही आलं होतं, पण पुढची गोष्ट वाचल्यावर माझं हसू गेलं.

१९७६ मध्ये कॅरी बेट्स लिहीत असताना टॉपला मारलं. कारण हेच की वर्षानुवर्षं फिरून बदललेल्या त्याच्या मेंदूला फ्लॅशच्या वेगातून निघणारी कंपनं सहन होईनात, आणि हे भांडण जुनं असल्यामुळे ती कंपनं त्याला भरपूर मिळाली होती. विज्ञान म्हणून हे साफ फालतू आहे. पण गोष्ट म्हणून बघा, ज्या वेडाने मोठा झाला त्यानेच गेला, आणि मारणाऱ्याला आपण मारतोय हे माहीतही नव्हतं. मरताना शहरात बॉम्ब पेरून गेला ते सोडा, ते व्हिलन करतातच.

खरी गंमत नंतर. १९७७ मध्ये, २५०व्या अंकात गोल्डन ग्लायडर आली, लिसा स्नार्ट, म्हणजे कॅप्टन कोल्डची सख्खी बहीण. ही आईस स्केटर, आणि तिचा गुपचूप कोच कोण, तर रॉस्को डिलन! फिरायचं कसं हे तोच तिला शिकवत होता, आणि दोघांचं प्रेम होतं. तो गेल्यावर ही सूड घ्यायला उतरली. हे मला फार आवडतं. सोळा वर्षं या माणसाला कोणी नीट विचारात घेतलं नाही, बँक लुटणारा विदूषक म्हणून वापरला, आणि मेल्यावर कळलं की त्याची विद्या खरोखर कुठे कामाची होती, बर्फावर, जिथे घर्षण कमी आणि फिरणं ही कला असते. वर कोल्हापूरच्या मुलाला मी जे जमिनीचं आणि बुटांचं रडगाणं सांगितलं त्याचं उत्तर कॉमिकमध्येच होतं, फक्त ते त्याच्या हयातीत कोणी लिहिलं नाही.

नंतर तो भूत होऊन परत आला, बॅरीच्या वडिलांच्या अंगात शिरला, मग आणखी काय काय, आणि शेवटी २००५ मध्ये त्याच कॅप्टन कोल्डने, म्हणजे जवळजवळ मेव्हण्यानेच म्हणा ना, त्याला गोठवून फोडला. जावयाचं नशीब!

तुम्ही इतकी टीका करता, मग तुम्ही लेखिका असतात तर टॉपला काय दिलं असतं? आणि तो अर्धं जग उडवणार होता म्हणे, ते भोवऱ्याने कसं?
– एक वाचक, फोंडा, गोवा

दुसऱ्याचं आधी उरकते. पहिल्याच गोष्टीत त्याने भोवऱ्याच्या आकाराचा अणुबॉम्ब केला, अर्धं जग उडवीन अशी धमकी, आणि फ्लॅशने तो अंतराळात भिरकावला. १९६१ चं वर्ष, अमेरिकेत घरोघरी अणुबॉम्बची धास्ती, म्हणून तेव्हा हे चाललं. पण यात भोवरा कुठे आला? बॉम्ब विटीच्या आकाराचा केला असता तरी तेवढाच फुटला असता. माझा मूळ राग हाच आहे. भोवरा म्हणून इतकं विलक्षण खेळणं हातात होतं आणि यांनी त्यातनं फक्त आकार घेतला.

मी काय दिलं असतं? न पडणं. साधा उभा भोवरा बोटाने ढकलला की आडवा. तोच फिरत असताना ढकला, तो ढकलल्या बाजूला पडत नाही, काटकोनात सरकतो आणि कलून गोल गोल डुलायला लागतो. फिरणाऱ्या वस्तूला तिचा अक्ष धरून ठेवायची सवय असते, तुम्ही लावलेला जोर तिला पाडण्याऐवजी अक्षाची दिशा वळवण्यात जातो. पुस्तकात याला परांचन म्हणतात. आता विचार करा, असा एक माणूस आहे ज्याला तुम्ही समोरून धक्का मारता आणि तो मागे न पडता डावीकडे जातो. फ्लॅश प्रत्येक वेळी पूर्ण वेगात अंगावर येणार आणि प्रत्येक वेळी अंदाज चुकणार. कॉमिकच्या चौकटीत हे काय सुंदर दिसलं असतं! इन्फँटिनो तर वेग काढण्यातला बाप माणूस होता.

दुसरी गोष्ट, एक उलटा भोवरा मिळतो, गोल पोटाचा आणि वर दांडी असलेला, फिरवला की थोड्या वेळाने स्वतःहून उलटा होऊन दांडीवर उभा राहतो. घर्षण आणि फिरणं यांच्या भांडणातून हे होतं. स्वीडनमधल्या लुंडला नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली, दोघंही नोबेलवाले, वाकून जमिनीवरचा असला भोवरा शाळकरी पोरांसारखे बघतायत असा एक फोटो प्रसिद्ध आहे. ज्याला बोर आणि पाउली वाकून बघतात ते खेळणं टॉपच्या हातात दिलं की तो त्यातून काय काढतो, तर बॉम्ब.

आणि अर्धं जग म्हणालात म्हणून. सगळं जग आधीच एका भोवऱ्यावर चाललंय. पृथ्वी नुसती फिरत नाही, मंदावलेल्या भोवऱ्यासारखी डुलते पण, एक डुलणं पुरं व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. सूर्य आणि चंद्र तिच्या फुगीर पोटाला ओढून कलणं सरळ करायला बघतात आणि ती सरळ व्हायच्या ऐवजी अक्ष वळवते, वर म्हटलं तेच. म्हणून ध्रुवतारा कायम एकच राहत नाही, आणि म्हणूनच आपली मकर संक्रांत जानेवारीच्या १४-१५ ला येते, खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेलं असलं तरी. ७२ वर्षांना एक अंश या चालीने हा फरक वाढत जातोय. तिळगूळ खाताना हे सांगितलं तर घरात कोणी ऐकत नाही, माझा अनुभव आहे.

काकू मी चौथीत आहे. माझ्याकडे लाकडी भोवरा आहे पण तो फिरतो आणि लगेच आडवा पडतो. दादाचा खूप वेळ फिरतो. टॉप माझ्यापेक्षा चांगला फिरतो का?
– सांगलीहून

बाळा, टॉप खोटा आहे आणि तुझा भोवरा खरा आहे, त्यामुळे तूच पुढे.

आधी त्याची आर बघ, खालचा खिळा. ती वाकडी असेल किंवा मधोमध नसेल तर भोवरा थरथरतो आणि लवकर पडतो. मोठ्या माणसाकडून सरळ करून घे, स्वतः हातोडी घेऊ नको. मग जाळी. आरेपासून सुरू करून घट्ट आणि शेजारी शेजारी गुंडाळायची, एकावर एक चढवायची नाही, चढली की ओढताना अडकते आणि हिसका अर्धाच मिळतो. दोरी फार गुळगुळीत असेल तर थोडी ओली कर. फेकताना हात पुढे जातो आणि शेवटी मनगटाने मागे खेचायचं, तो मागचा हिसका महत्त्वाचा, दादाला नीट बघ तो नक्की हेच करत असेल. आणि कडक जमिनीवर खेळ, मातीत आर रुतते.

हातजाळी, म्हणजे फिरता भोवरा थेट तळहातावर घेणं, आत्ताच करायला जाऊ नको, आधी जमिनीवर नीट फिरू दे. आणि चप्पल घालून खेळ. मी तुझ्याएवढी होते तेव्हा 'मुली भोवरा खेळत नाहीत' म्हणून आम्हाला गल्लीत घ्यायचे नाहीत, म्हणून मी दुपारी भावाचा चोरून न्यायचे, आणि एकदा त्याची आर माझ्या अंगठ्यात गेली. खूण अजून आहे, आणि भाऊ अजून तो भोवरा परत मागतो.